बकेट मातीत घालण्याआधी : खोदकामाबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात खोदकाम आणि जमिनीखालच्या लाइनी यावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर इतके आले की सगळे घेणं शक्यच नाही. म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि काही लांबलचक पत्रं थोडी छोटी केलीत. साइट इंजिनियर, मशीन ऑपरेटर, घर बांधणारे, त्यांच्या घरचे, सगळ्यांनी लिहिलंय. नावं छापत नाहीये, कारण बऱ्याच जणांनी आपल्याच साइटवरच्या गोष्टी मोकळेपणाने सांगितल्यात आणि त्याचा त्रास कुणाला व्हायला नको.

प्रश्न : आमच्याकडे पाणी, वीज, गॅस सगळ्याचे नकाशे आहेत, क्लायंटने सॉफ्ट कॉपी पण दिलीय. तरी कन्सल्टंट म्हणतोय परत सर्व्हे करा. नकाशावर अंतरं आणि खोली लिहिलेली असताना हा डबल खर्च कशासाठी?

उत्तर : आधी नकाशाच्या खालच्या कोपऱ्यातली चौकट नीट वाचा. तो कामाआधी काढलेला डिझाइनचा नकाशा आहे का लाइन टाकून झाल्यावर मोजून काढलेला ॲज-बिल्ट आहे? बरेचदा काय होतं, डिझाइनच्याच कागदावर नंतर ॲज-बिल्टचा शिक्का बसतो, आणि प्रत्यक्षात टाकताना मध्ये खडक लागला, झाडाचं मूळ आलं, दुसरी लाइन आडवी आली म्हणून गँगने लाइन मीटरभर सरकवलेली असते आणि ते कागदावर कुणीच उतरवलेलं नसतं. दोन चेंबरच्या मध्ये नकाशावर सरळ रेघ असते, जमिनीत ती सरळ असेलच असं काही नाही.

अंतरं कुठून मोजलीत तेही बघा. 'रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर' असं लिहिलं असेल आणि मधल्या काळात रस्ता रुंद झाला असेल तर ती कडच आता तिथे नाहीये. खोलीचं तर अजून वाईट. ०.९ मीटर लिहिलंय ते त्या दिवशीच्या जमिनीपासून, त्यानंतर कुणी वर भराव टाकला असेल, कुणी लेव्हल करायला माती काढली असेल, पावसाने धुऊन गेली असेल. जमिनीचा वरचा थर बदलला पण केबल जिथल्या तिथे, त्यामुळे आज ती दीड मीटरवर असू शकते किंवा वीतभर खाली पण असू शकते. आणि मेन लाइनीतून घराघरात, दिव्याच्या खांबांत जाणारे छोटे जोड बहुतेक नकाशांवर दाखवलेलेच नसतात.

म्हणजे नकाशा टाकाऊ आहे असं नाही हं. त्याचा खरा उपयोग मोजणीला. नकाशात तीन केबल दिसतायत आणि साइटवर दोनच सापडल्या तर तिसरी मिळेपर्यंत थांबायचं. मिळत नाही म्हणजे ती नाहीच असं धरून पुढे गेलेल्या साइटच नंतर अडकतात.

सर्व्हेच्या कामात माहितीच्या चार पायऱ्या धरतात. नुसते कागद जमवले ती सगळ्यात खालची, 'डी'. साइटवर फिरून चेंबर, व्हॉल्व्ह, खांब, रस्त्यावरचे पॅच बघून नकाशाशी जुळवलं की 'सी'. उपकरणाने शोधलं की 'बी'. आणि खड्डा करून लाइन डोळ्याने बघितली, मोजली, लेव्हल घेतली की 'ए'. अमेरिकेतल्या आणि ब्रिटनमधल्या दोन्ही मानकांत हीच अक्षरं आहेत. तुम्ही आत्ता 'डी'वर उभे आहात आणि त्यावर मशीन लावायचं म्हणताय.

खर्चाचं म्हणाल तर पर्ड्यू युनिव्हर्सिटीने १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ७१ रस्ते प्रकल्पांचा हिशोब मांडला होता, त्यात अशा सर्व्हेवर घातलेल्या प्रत्येक डॉलरमागे सरासरी ४.६२ डॉलर वाचल्याचं निघालं. त्यामुळे कन्सल्टंट बरोबर सांगतोय, ऐका त्याचं. आणि सर्व्हे करायचा म्हणून लाइनवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या लाइनी आहेत त्या पाणी, वीज, गॅसवाल्यांना, कळवायचं टाळू नका, दोन्ही लागतं. भारतात मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आहे, अमेरिकेत २००७ पासून देशभर ८११ नंबर आहे, नेदरलँड्समध्ये तर २००८ च्या कायद्याने मशीनने खोदायच्या आधी कळवणं सक्तीचंच केलंय.

प्रश्न : केबल लोकेटर फिरवला, काहीच बीप आला नाही, खोदलं आणि केबल लागली. नशिबाने कुणाला काही झालं नाही. मशीन खराब होतं का आमचं चुकलं? लोकेटरवर भरवसा ठेवायचा का नाही?

उत्तर : मशीन बहुधा चांगलंच असेल. लोकेटर केबल 'बघत' नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. तो केबलमधून वाहणाऱ्या करंटभोवती जे चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते पकडतो. करंट नाही तर क्षेत्र नाही, मग बीप कुठून येणार.

आता बघा कुठे कुठे फसतं ते. रस्त्यावरच्या दिव्यांची केबल दिवसा बंद असते, तुम्ही सर्व्हे दिवसा करता, पॉवर मोडमध्ये (म्हणजे केबलमधल्या चालू विजेचाच सिग्नल ऐकायच्या सेटिंगवर) ती दिसत नाही आणि रात्री तीच केबल जिवंत. एखाद्या बंद पडलेल्या इमारतीची केबल सप्लाय चालू ठेवून टोकाला सीलबंद करून पुरून टाकलेली असते, तिच्यात पूर्ण व्होल्टेज असतं पण लोड नसल्याने करंट वाहत नाही, लोकेटर गप्प. थ्री फेज केबलमध्ये तिन्ही फेजवर लोड अगदी सारखा असेल तर तिन्हींची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि भरपूर करंट वाहत असूनही सिग्नल कमजोर येतो, त्यामुळे मोठी महत्त्वाची केबलच कधी कधी दिसत नाही. डीसी केबलचं पण तेच, पॉवर मोड ५० किंवा ६० हर्ट्झ ऐकतो, डीसीमध्ये ते नसतंच.

म्हणून फक्त पॉवर मोडवर फिरवून 'क्लियर' लिहू नका. रेडिओ मोड पण फिरवा, लांबच्या रेडिओ स्टेशनांच्या लहरी जमिनीतल्या लांब धातूवर चढतात आणि तिथून परत बाहेर पडतात त्या तो पकडतो. आणि मग जनरेटर वापरा, म्हणजे तो छोटा ट्रान्समीटर जो लाइनवर स्वतःचा सिग्नल चढवतो. किती साइटवर ही पेटी गाडीतच पडलेली असते! जिथे लाइन उघडी मिळते, चेंबरमध्ये वगैरे, तिथे क्लॅम्प लावा किंवा थेट जोडा (विजेच्या केबलला जोडायचं काम अधिकृत माणसाचंच, तुमचं नाही). तसं काही मिळत नसेल तर पेटी जमिनीवर ठेवून इंडक्शनने चढवा, पण मग पेटीपासून दहाएक मीटर लांब जाऊन शोधा, जवळ शोधलंत तर लोकेटर जमिनीतली लाइन सोडून हवेतून पेटीलाच ऐकत बसतो.

फिरवण्याची पण पद्धत आहे. लोकेटर उभा, टोक जमिनीजवळ, झोके द्यायचे नाहीत. पूर्ण जागा एकदा आडवी आणि एकदा उभी चालायची, कारण लाइनीला समांतर चाललात तर ती सापडेलच असं नाही. जिथे आवाज सगळ्यात जास्त तिथे लोकेटर जागेवरच गोल फिरवून लाइनीची दिशा बघायची आणि मग शेवटपर्यंत तिचा माग काढायचा, एका ठिकाणी खूण करून सोडून द्यायचं नाही. तुमच्या यंत्रात पीक (लाइनीवर आवाज सगळ्यात जास्त) आणि नल (लाइनीवर आवाज सगळ्यात कमी) दोन्ही असतील तर दोन्हींनी बघा, दोघांची जागा एक आली तर ठीक, वेगवेगळी आली तर शेजारच्या कुठल्या तरी लाइनीने सिग्नल वाकवलाय असं समजा. दोन केबल खेटून असतील तर एकच दिसते. स्क्रीनवरची खोली वळणावर, जोडावर आणि गर्दीच्या जागी हमखास चुकते, तिच्यावर मशीनची खोली कधीच ठरवू नका.

भरवसा ठेवायचा का विचारलंत. बीप आला तर तिथे काहीतरी आहे यावर ठेवा. बीप नाही आला यावर अजिबात ठेवू नका.

प्रश्न : प्लास्टिकची पाण्याची लाइन आणि गॅसची लाइन लोकेटरला दिसतच नाही. जीपीआर भाड्याने आणला तर सगळंच दिसेल असं सांगतायत, खरंय का?

उत्तर : सगळंच नाही दिसत. जीपीआर म्हणजे जमिनीत रेडिओ लहरींचे ठोके सोडायचे आणि माती बदलली, पाइप लागला की जो प्रतिध्वनी येतो तो पकडायचा. धातू असायची गरज नाही म्हणून प्लास्टिक, काँक्रीट, मातीचे पाइप, रिकामी पोकळी पण दिसू शकते, ही त्याची मोठी ताकद. पाइप आडवा ओलांडून गेलात की स्क्रीनवर उलट्या वाटीसारखी कमान येते, तिचा माथा म्हणजे पाइपाचा वरचा भाग.

पण सगळा खेळ मातीवर आहे. कोरड्या वाळूत छान खोल दिसतं. ओल्या चिकणमातीत किंवा खारट जमिनीत लहरी तिथल्या तिथे शोषल्या जातात आणि मीटरभर खालचं पण दिसेनासं होतं. लहान पाइप खोल असेल तर हुकतो, ढोबळ अंदाज असा धरतात की खोलीच्या दहाव्या हिश्शापेक्षा बारीक वस्तू सापडणं अवघड, म्हणजे दीड मीटरवरचा इंचाचा गॅसचा जोड विसरा. खोलीचा आकडा पण लहरींचा वेग किती धरला त्यावर येतो. हवेत लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, जमिनीत साधारण १० च्या आसपास, आणि पावसाने ओल वाढली की अजून हळू. वेग चुकीचा टाकला की खोली चुकली. म्हणून एका माहीत असलेल्या लाइनीवर आधी तपासून घ्या. आणि वाचणारा माणूस अनुभवी हवा, भाड्याने नुसतं यंत्र आणून फायदा नाही.

जीपीआरच्या आधी अजून एक विचारा, प्लास्टिक लाइनीसोबत ट्रेसर वायर, म्हणजे लाइन नंतर शोधता यावी म्हणून टाकतात ती तार, टाकलीय का? टाकली असेल आणि मध्ये तुटलेली नसेल तर तिच्यावर जनरेटर लावून लोकेटरनेच लाइन मिळते. ड्रेनेज किंवा रिकामा डक्ट असेल तर लवचिक रॉडच्या टोकाला सॉन्ड, म्हणजे छोटा ट्रान्समीटर, बांधून आत सरकवा आणि वरून माग काढा. चालू गॅसच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या पाइपात तुम्ही काही घालायला जाऊ नका, ते लाइनवाल्यांचं काम.

प्रश्न : घराच्या आवारात कुंपणाचे चारसहा खांब रोवायचेत, दोन फुटांचे खड्डे. एवढ्याशा कामाला पण लाइन शोधायच्या का?

उत्तर : हो. आवारातलं काम तर उलट जास्त फसवं, कारण लाइनवाल्यांना कळवलं तरी ते साधारण मीटरपर्यंतचीच त्यांची लाइन दाखवतात. मीटरच्या पुढची पंपाची केबल, बागेतल्या दिव्यांची वायर, मागच्या खोलीला नेलेला गॅस, सेप्टिक टँकचा पाइप, हे सगळं खाजगी, ते कुठेच नोंदलेलं नसतं आणि बहुतेक वेळा अगदी वरवर पुरलेलं असतं. आधीच्या मालकांना विचारा, प्लंबरला विचारा, आणि कुठला स्विच कुठे जातो ते शोधा. अर्थिंगचा रॉड ठोकणाऱ्यांनी पण हे वाचा, खड्ड्यात निदान काही लागलं तर दिसतं तरी, ठोकलेला रॉड काही दिसायच्या आत आरपार गेलेला असतो.

प्रश्न : मार्किंग झालंय. आता खुणेच्या किती जवळपर्यंत मशीन चालवायचं? आमचा सुपरवायझर म्हणतो एक फूट सोडून खोद, ऑपरेटर म्हणतो मला अंदाज आहे.

उत्तर : ऑपरेटरचा हात कितीही चांगला असला तरी त्याला मातीच्या आतलं दिसत नाही, आणि ती खूण म्हणजे अंदाजाची रेघ आहे. म्हणूनच तिच्याभोवती एक पट्टा सोडायचा असतो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत लाइनीच्या बाहेरच्या कडेपासून दोन्ही बाजूंना १८ ते २४ इंच धरतात, ब्रिटनमध्ये केबल आणि गॅसच्या लाइनीला साधारण अर्धा मीटर. तुमच्याकडचा नियम आणि लाइनवाल्याने लेखी दिलेलं अंतर यात जे मोठं असेल ते पाळा. हाय प्रेशर गॅस किंवा तेलाची लाइन असेल तर अंतर बरंच जास्त असतं आणि त्यांचा माणूस साइटवर उभा असल्याशिवाय काम सुरूच करायचं नाही. एक फूट काही पुरत नाही.

त्या पट्ट्यात हाताने खोदायचं. आणि हाताने म्हणजे कुदळ डोक्यावरून आणून दणादण नाही हो, असं खोदताना पण माणसं भाजलीत. फावडं पायाने हळू दाबून, माती पातळ थरांत काढायची. पहार, टिकाव, टोकदार काहीही केबलच्या आसपास वापरायचं नाही. खुणेच्या बरोबर वरून खाली जाऊ नका, बाजूला खड्डा घ्या, अंदाजे खोलीपर्यंत जा आणि मग आडवं आडवं लाइनीकडे सरका, म्हणजे फावड्याची धार केबलवर उभी पडत नाही. दांडे इन्सुलेटेड असतील तर उत्तमच.

हे ट्रायल पिट, म्हणजे लाइन डोळ्याने बघायचे खड्डे, कुठे घ्यायचे? जिथे जिथे तुमचा चर लाइनीला ओलांडतो तिथे प्रत्येक ठिकाणी, जिथे लाइन वळते असं वाटतं तिथे, आणि लाइन चराला समांतर जात असेल तर मधून मधून. लाइन दिसली की वरची लेव्हल, बाहेरचा व्यास, कशाची आहे, सगळं लिहून फोटो काढा. सापडलेली लाइन नकाशातलीच आहे ना तेही बघा, पाण्याची समजून ज्याला बाजूला सारलं ती वेगळीच निघायची. रंगावर जाऊ नका. अमेरिकेत जमिनीवरच्या खुणांना लाल म्हणजे वीज, पिवळा म्हणजे गॅस, निळा म्हणजे पिण्याचं पाणी, नारिंगी म्हणजे टेलिकॉम असं ठरलेलं आहे, पण ते खुणांचं, आणि प्रत्यक्ष पाइपांचे रंग देशोदेशी आणि काळानुसार वेगळे. जुनी काळी केबल आणि जुना काळा पाइप मातीत सारखेच दिसतात.

सोय असेल तर व्हॅक्यूमने माती ओढणारं मशीन वापरा, माती हवेच्या किंवा पाण्याच्या झोताने सुटी करून ओढून घेतो तो. पाण्याचा प्रेशर फार ठेवला तर केबलचं आवरण कापलं जातं हे मात्र लक्षात असू द्या.

आणि वॉर्निंग टेप किंवा फरशी लागली की तिथेच थांबा, ती लाइनीच्या वर टाकलेली असते. टेप नाही लागली म्हणून लाइन नाही असं मात्र नाही, जुन्या लाइनींवर टेप टाकतच नव्हते, आणि मागच्या खोदकामात कुणी फाडून परत टाकली नाही असंही होतं.

मशीन पट्ट्याबाहेर चालत असलं तरी समोर एक माणूस फक्त खड्ड्यात बघायला उभा करा, त्याच्या हातात दुसरं काही काम नको, आणि हात वर केला की मशीन थांबलं पाहिजे.

प्रश्न : गॅसच्या स्टीलच्या मोठ्या लाइनीला बकेटचा दात घासला. गळती नाही, वास नाही, फक्त वरचं कोटिंग निघालं आणि एक ओरखडा आलाय. वरिष्ठ म्हणतात माती टाकून बुजव, कळवलं तर काम बंद पडेल. मी काय करू?

उत्तर : कळवा. आजच, हे वाचून झाल्या झाल्या. आणि ती जागा बुजवू नका, बुजवली असेल तर नक्की कुठे ते लिहून ठेवा.

एवढ्या ठामपणे का सांगतोय ते सांगतो. बेल्जियममध्ये गिस्लेंगियाँ नावाच्या ठिकाणी ३० जुलै २००४ ला गॅसची एक मोठी मेन लाइन फुटली, स्फोट झाला, २४ जण गेले आणि शंभराहून जास्त भाजले, जखमी झाले. मरणाऱ्यांमध्ये गळतीची खबर मिळाल्यावर मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे लोक होते. पाइपाला इजा त्या दिवशी झालीच नव्हती. आधीच्या जमीन सपाटीकरणाच्या कामात मशीनने पाइप खरवडला होता, तो तसाच राहिला आणि पुढे लाइनमधला दाब वाढवल्यावर त्याच जागी फाटला.

दुसरं अमेरिकेतल्या बेलिंगहॅमचं. १० जून १९९९ ला पेट्रोलची लाइन फुटली, पेट्रोल ओढ्यात वाहत गेलं आणि पेटलं, दहा दहा वर्षांची दोन मुलं आणि एक अठरा वर्षांचा तरुण गेला. चौकशीत बाकी कारणं पण निघाली, पण पाइप जिथे फाटला तिथली इजा १९९४ मधल्या खोदकामातली होती. पाच वर्षं पाइप तसाच चालला होता.

हे होतं कसं तर ओरखड्याच्या तळाशी पाइपाची भिंत पातळ झालेली असते, धातू तिथे कडक आणि ठिसूळ होतो, सोबत पोचा असेल तर अजूनच वाईट. लाइनमधला दाब रोज थोडा वरखाली होतो, त्याने तळाशी बारीक भेग सुरू होऊन वाढत जाते. कोटिंग निघालंय म्हणजे गंज पण तिथेच लागणार. यातलं काहीच वरून बघून कळत नाही, त्यासाठी लाइनवाल्यांचा माणूस येऊन मोजणार, गरज पडली तर दाब कमी करून पाइप दुरुस्त करणार. बऱ्याचदा बघून कोटिंग करून देतात आणि काम सुरू होतं.

विजेच्या केबलचं पण असंच आहे. आवरणाला चीर पडली आणि लगेच ट्रिप झालं नाही तरी ओल आत जाते आणि काही महिन्यांनी तिथे फॉल्ट होतो, तेव्हा त्या खड्ड्यात कदाचित दुसराच कुणीतरी उभा असतो.

वरिष्ठ ऐकत नसतील तर लाइनवाल्यांच्या इमर्जन्सी नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. नोकरीची भीती मला समजते, पण इथे जीव अनोळखी लोकांचा आहे आणि तो ओरखडा कुठे आहे हे आत्ता फक्त तुम्हा दोघातिघांनाच माहितीय.

प्रश्न : माझे मिस्टर पोकलेन चालवतात. रोज घरी येईपर्यंत काळजी असते. केबल किंवा गॅस लागलाच तर त्यांनी नेमकं काय करायचं? साधं सांगा, मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

उत्तर : ताई, नक्की वाचून दाखवा आणि त्यांच्या हेल्परला पण.

विजेची केबल लागली तर केबिनमधून उतरायचं नाही. मशीन आणि त्याच्याभोवतीची जमीन दोन्ही जिवंत असू शकतात, आत बसलेला माणूस सगळ्यात सुरक्षित असतो, उतरताना एक पाय जमिनीवर आणि एक हात मशीनला लागला की करंट त्याच्यातून जातो. शक्य असेल तर बकेट केबलपासून सोडवून मागे घ्यायचं, नाहीतर तसंच बसून राहायचं आणि बाकीच्यांना ओरडून निदान दहा मीटर लांब ठेवायचं. वीज कंपनीने लाइन बंद केली असं त्यांच्या माणसाने सांगेपर्यंत कुणी जवळ यायचं नाही. ठिणगी उडून शांत झालं म्हणजे सप्लाय गेला असं धरू नका, कित्येक ठिकाणी तो काही सेकंदांनी आपोआप परत चालू होतो. मशीनला आगच लागली तरच बाहेर, आणि तेव्हा मशीनला हात न लावता दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची आणि पाय जोडूनच छोट्या उड्या मारत किंवा पावलं न उचलता घसटत लांब जायचं. मोठी ढांग टाकली की दोन पायांच्या मधल्या जमिनीत व्होल्टेजचा फरक असतो तो अंगातून जातो.

गॅस लागला तर वेगळं. जागेवरच इंजिन बंद करता आलं तर करायचं, उतरायचं आणि सगळ्यांना घेऊन वारा जिकडून येतोय तिकडे लांब जायचं. फोन, लायटर, गाडीची चावी, काहीही तिथे वापरायचं नाही, लांब गेल्यावर फोन. पाइप दुमडायचा, कापड कोंबायचं, माती टाकायची असलं काही करायचं नाही. माती टाकली की गॅस वर न जाता जमिनीतून, डक्टमधून, ड्रेनेजमधून शेजारच्या इमारतीत शिरतो. गॅस पेटलाच असेल तर विझवू नका, व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत पेटलेला गॅस साठत तरी नाही. एलपीजी असेल तर तो हवेपेक्षा जड, चरातच साठून राहतो, खाली कुणी उतरायचं नाही.

आणि फोन लगेच. अमेरिकेतल्या सेंट क्लाउड शहरात ११ डिसेंबर १९९८ ला खांबाच्या आधाराचा अँकर बसवताना गॅसचा पाइप फुटला, साधारण चाळीस मिनिटांनी स्फोट झाला, चार जण गेले. ही अशी मधली मिनिटं आजूबाजूच्या इमारती रिकाम्या करायला असतात. गॅस कंपनी आणि अग्निशमन दल दोघांना कळवायचं, आणि आसपासच्या घरांत जाऊन सांगताना बेल वाजवायची नाही, दार ठोकायचं.

प्रश्न : चर खोदला, मध्ये पाण्याची मोठी लाइन आणि तीन केबल उघड्या पडल्यात, आठवडाभर तशाच राहणार. काही बांधायचं का?

उत्तर : लाइन मातीवर आरामात टेकलेली होती, तुम्ही खालची माती काढलीत म्हणजे आता ती स्वतःच्या वजनावर लटकतेय. चरावर आडवा बीम टाकून रुंद पट्ट्याने ठिकठिकाणी आधार द्या. एकाच जागी दोरीने बांधलं तर तिथेच केबल मोडते. जोड असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना आधार हवा. कुणी त्यावर पाय देऊन उतरायचं नाही, किती सांगितलं तरी केबलची पायरी करतात लोक. वरून फळ्या टाकून झाका.

पाण्याच्या लाइनीत एक फार महत्त्वाचं आहे. जिथे पाइप वळतो तिथे मागे काँक्रीटचा ठोकळा असतो, थ्रस्ट ब्लॉक. आतल्या दाबाने बेंड बाहेर ढकलला जातो, तो हा ठोकळा आणि त्याच्या मागची माती मिळून अडवतात. तुम्ही ठोकळ्याला हात न लावता फक्त त्याच्या मागची माती काढलीत तरी बेंड निसटून चर काही मिनिटांत पाण्याने भरू शकतो. बेंडच्या मागे खोदायचं असेल तर आधी पाणीपुरवठावाल्यांशी बोला. जुनी कास्ट आयर्नची लाइन असेल तर ती ठिसूळ, शेजारी खोल चर घेतल्याने माती सरकली तरी तडकते, त्यामुळे चराच्या भिंतींना शोअरिंग, म्हणजे माती ढासळू नये म्हणून टेका, द्या. आणि जुना राखाडी ॲस्बेस्टॉस सिमेंटचा पाइप निघाला तर तो कापू, घासू नका, ती धूळ फुप्फुसात जाता कामा नये.

बुजवताना लाइनीभोवती वाळू किंवा चाळलेली माती, दगडविटांचे तुकडे नाहीत, खालची बाजू नीट भरून मग वर. लाइनीच्या लगेच वर रोलर नाही. टेप आणि फरशा परत टाका. केबलवर संरक्षण म्हणून थेट काँक्रीट ओतायचा मोह होतो, तो टाळा, केबलची उष्णता अडकते आणि पुढे खोदणाऱ्याला ती दिसत नाही.

प्रश्न : आमच्याकडे एक जण तारेच्या दोन वाकवलेल्या काड्या हातात धरून पाइप शोधतो, बऱ्याचदा बरोबर येतं. चालेल का?

उत्तर : नाही. ब्रिटनमधल्या बऱ्याच पाणी कंपन्यांचे काही कर्मचारी पण हे करत असल्याचं २०१७ मध्ये बाहेर आलं होतं, म्हणजे तुम्ही एकटे नाही. पण तो माणूस चेंबर, व्हॉल्व्ह, रस्त्यावरचा पॅच, घरांची रांग बघत असतो आणि अनुभवाने हात वळतो, काड्यांना काही कळत नाही. त्याचा अनुभव मोलाचा आहे, त्याला काड्या ठेवून लोकेटर शिकवा.

प्रश्न : आम्ही चर न खोदता बोअर मारून फायबर टाकतो, मग आम्हाला हे सगळं कशाला?

उत्तर : तुम्हालाच जास्त, कारण तुम्हाला काय लागलं ते दिसतच नाही. ओलांडायच्या प्रत्येक लाइनीवर खड्डा करून ती उघडी करा आणि बोअरचं टोक तिच्या खालून किंवा वरून जाताना डोळ्याने बघा. सगळ्यात भयंकर म्हणजे गॅसचा पाइप बोअरने नकळत ड्रेनेजच्या पाइपातून आरपार जातो. अनेक वर्षं काहीच होत नाही, मग एक दिवस ड्रेनेज तुंबतं, कुणीतरी सफाईचं फिरतं पातं आत घालतं, गॅसचा पाइप कापला जातो आणि गॅस थेट घरात. म्हणून बोअर झाल्यावर आसपासच्या ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून बघा.

आणि फायबर तोडणाऱ्यांसाठी, 'त्यात करंट नसतो, काय होतंय' म्हणणारे बरेच आहेत. मार्च २०११ मध्ये जॉर्जिया देशात तांबं शोधत खणणाऱ्या एका वयस्कर बाईंच्या हातून एक केबल तुटली आणि शेजारच्या आर्मेनिया देशाचं बहुतेक इंटरनेट कित्येक तास बंद होतं. बिनधातूची फायबर केबल लोकेटरला दिसत नाही, ट्रेसर वायर किंवा डक्टमधून सरकवलेला रॉड लागतो. बकेटने ओढली गेली तर ती जिथे तुटली तिथेच नाही, पुढे लांबच्या जॉइंटमध्ये पण तुटलेली असू शकते, त्यामुळे कळवताना 'ओढली गेली' हे आवर्जून सांगा. तुटलेल्या टोकात डोळा लावून बघायचं नाही, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करतो.

प्रश्न : मार्किंग करून घेतलं, मग पाऊस आला, काम पंधरा दिवस लांबलं, अर्ध्या खुणा धुऊन गेल्या. राहिलेल्या अर्ध्या जोडून आपणच रेघ पुरी केली तर?

उत्तर : नका करू, दोन खुणांच्या मध्ये लाइन सरळच असेल हे गृहीत धरणं म्हणजे परत पहिल्या प्रश्नातल्या नकाशावर आलो आपण. परत बोलवून मार्किंग करून घ्या, बहुतेक ठिकाणी मार्किंगला मुदत असते आणि ती संपल्यावर नव्याने कळवावंच लागतं. पुढच्या वेळी मार्किंग झालं की त्याच दिवशी प्रत्येक खुणेचा फोटो काढा, फोटोत भिंत, खांब असं न हलणारं काहीतरी येऊ द्या, आणि खुणांची अंतरं त्या भिंतीपासून टेपने मोजून लिहून ठेवा. आणि स्प्रेसोबत खोदकामाच्या जागेबाहेर खुंट्या पण रोवा, कारण पहिली बकेट पडली की रंग मातीबरोबरच जातो.